एकटा ठिपका

“हा ठिपका काढून टाक,” सर म्हणाले. “उगाच नजर तिकडे जाते.”

पडद्यावर तिचं पीएच.डी.चं तीन वर्षांचं काम पसरलं होतं: डार्क वेबचा, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागाचा नकाशा. एकेक साइट म्हणजे ठिपका, एकीवरून दुसरीकडे नेणारी लिंक म्हणजे रेघ. मधोमध बाजारांची दाटी. अमली पदार्थ, चोरलेली कार्डं, बनावट पासपोर्ट. भोवती त्यांच्या नकला आणि नकलांच्या नकला. लोकांना वाटतं तिथे नुसते राक्षस राहतात. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त साइट टाळं लागलेल्या दुकानांसारख्या ओस होत्या.

आणि पार कोपऱ्यात हा एक ठिपका. त्याच्याकडे एकही रेघ जात नव्हती, त्याच्यापासून एकही निघत नव्हती.

“राहू दे ना सर. रचनेचाच भाग आहे तो.”

“रचना म्हणजे नाती. याचं कुणाशीच नाही.” सरांनी चष्मा पुसला. “काय आहे तरी काय तिथे?”

“काही विशेष नाही,” ती म्हणाली.

हे खोटं होतं. त्या ठिपक्यापायी तिची झोप उडाली होती.

पत्त्यांच्या कुठल्याशा यादीत तिला तो सापडला होता. तिचा प्रोग्रॅम दर तासाला प्रत्येक साइटवर जाऊन ती चालू आहे की बंद, एवढंच पाहून यायचा. प्रयोगशाळेत सगळे त्याला गस्तवाला म्हणत. ते पान आधी कोरंच होतं. खाली फक्त भेटींचा आकडा आणि निरोप ठेवायचा एक चौकोन. मग एक दिवस त्यावर दोन शब्द उमटले. ‘कोण आहे?’

त्यानंतर रोज एक-दोन ओळी येऊ लागल्या.

‘आजचा दिवस तेवढा काढू. उद्याचं उद्या पाहू.’

‘रात्र सरत नाही असं वाटतं. पण सरते.’

‘तुम्ही येता तोवर मी आहे.’

ही शेवटची ओळ तिनं पुन्हा पुन्हा वाचली. भेटींचा आकडा वाढत होता तो फक्त गस्तवाल्यामुळे. दुसरं कुणी तिकडे फिरकतच नव्हतं. एक माणूस जीव मुठीत धरून बसला होता, आणि ज्याच्या आधारावर बसला होता तो माणूसच नव्हता. तिनं तर्क केला आणि तो तिला शंभर टक्के पटला. अभ्यासू माणसांना आपले तर्क पटकन पटतात.

तिनं सरांना आडून विचारलंही होतं, अभ्यासातल्या एखाद्या माणसाला निरोप लिहिला तर?

“तर प्रबंध रद्द,” सर म्हणाले होते. “आपण नकाशा काढणारे. गावात जाऊन चौकशा करायच्या नाहीत.”

तेव्हापासून ती तासातासाला स्वतःही ते पान उघडू लागली. टेबलावर चहा गार व्हायचा. एका जागी बसवत नसे. खिडकीपाशी जायची, परत यायची. मैत्रिणींचे फोन तिनं उचलायचे सोडले होते. ताईचे तेवढे टाळता येत नसत.

“आवाज असा का येतोय तुझा?” ताईनं एक दिवस सकाळीच विचारलं. “चार दिवस ये माझ्याकडे. मुलं मावशी मावशी करून डोकं खातात.”

“वेळ नाही गं. एकाचा जीव टांगणीला लागलाय.”

“कुणाचा?”

“तुला नाही कळायचं.”

“बरं बाई,” ताई म्हणाली, आणि फोन ठेवायचा सोडून बराच वेळ तशीच थांबली. शेवटी हिनंच ठेवला.

ती सकाळ विद्यापीठाच्या कचेरीत फीच्या रांगेत गेली, पान उघडायला जमलंच नाही. दुपारी ती प्रयोगशाळेत पोचली तर गस्तवाल्याचं मशीन बंद.

“माहिती गोळा करून झाली ना आपली,” सर म्हणाले. “सकाळीच बंद करायला सांगितलं. आता लिहायला बस.”

तिनं आपला लॅपटॉप उघडला. पान यायला नेहमीसारखा उशीर लागला, आणि त्या उशिरात तिनं नको नको ते पाहून घेतलं.

‘सकाळपासून कोणी नाही. हातपाय गळून गेलेत. फार उशीर केला मी.’

“सर, मशीन चालू करा!”

“अगं, झालं काय?”

“तो माणूस मरेल सर!” आणि तिनं सगळं सांगून टाकलं, रडत रडत, अर्धं पुढचं अर्धं मागचं.

सर उठून तिच्यामागे येऊन उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “लिहिलंस तर तीन वर्षं पाण्यात गेली, एवढं समजून लिही.”

तिनं लिहिलं. ज्या चौकोनाला कधी हात लावला नव्हता, त्यात भराभर लिहिलं. ‘मी आहे. मी रोज वाचते. तुम्ही एकटे नाही. कृपा करून स्वतःचं काही बरंवाईट करून घेऊ नका.’

पाठवलं आणि दोन्ही हातांत डोकं धरून बसली. प्रबंध गेला तर गेला. तो माणूस वाचू दे, एवढंच तिला हवं होतं. मागे सर उभे होते. त्यांनाही जाववत नव्हतं.

पानावर नवा मजकूर उमटला. भलामोठा होता.

‘अहो, बोललात एकदाच्या! जीव भांड्यात पडला आमचा. माझं कसलं बरंवाईट? मी मजेत आहे. मुलीनं गंमत म्हणून हे पान करून दिलं, इथे चिटपाखरू यायचं नाही म्हणाली. आणि तुम्ही येत राहिलात. दर तासाला, रात्री-अपरात्री, न चुकता. इतकं एकटं कोण असेल, या काळजीनं आम्ही सगळे हैराण. ही म्हणाली, धीराचं काहीतरी लिहीत जा, तेवढाच त्या जीवाला आधार. मला कुठलं लिहिता येतंय, पण लिहीत गेलो. आज तुम्ही आला नाहीत तर घरात कुणाला घास उतरला नाही. वाटलं, सरळ विचारायला हवं होतं, उशीर केला. आता विचारतो, रागावू नका. तुमच्याजवळ आत्ता कोणी आहे का?’