राणीनं दार उघडावं का?

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापुरात आलेलं ते नाटक शुक्रवार पेठेतल्या सोजरबाईंनी इतक्यांदा पाहिलं, की राणीचं मन आपल्याला नटीपेक्षा जास्त कळतं, याची त्यांना खात्रीच झाली.

“सेनापतीनं दारावर थाप मारली की ही उघडती अन् जीव गमावती,” दुपारच्या खेळाला त्या जावेला म्हणाल्या. “हितंच चुकतंय. खरी राणी उघडायचीच न्हाय.”

रंगमंचावरच्या दारावर थाप पडली. राणीनं कडीला हात लावला, थेट सोजरबाईंकडे पाहिलं आणि हात मागं घेतला.

“बगितलंस? पटलं की तिला!”

तेवढ्यात दाराच्या विरुद्ध बाजूच्या विंगेतून सेनापती झालेला नट गोंधळून बाहेर आला. “मी तर हितं हाय. थाप कोण मारतंय?”

थाप पुन्हा पडली.

राणीनं सोजरबाईंनाच विचारलं, “आता काय करू?”