दार लागल्याचा आवाज
कारखान्याच्या फाटकापाशीच सुपरवायझरने तिची नवी गाडी अडवली. "परदेशातली स्वस्त इलेक्ट्रिक गाडी घेऊन इथे येतेस? आपल्याच लोकांच्या पोटावर पाय देताना लाज नाही वाटत?" ती खाली उतरली. वीस वर्षं ती इथे नव्या गाड्यांना दारं लावत होती. दार लागल्याच्या आवाजावरूनच दोघांनाही कळायचं, ते नीट बसलंय की नाही. तिने आपल्या गाडीचं दार त्याच्यासमोर जोरात लावलं. सवयीने त्याचा कान तिकडे वळला आणि तो बोलून गेला, "मस्त बसलंय." मग त्याने जीभ चावली. "ऐकलंत?" ती म्हणाली. "रोज ऐंशी दारं लावते मी, साहेब. त्यातलं एखादं उघडून मालकीण म्हणून बसायची ऐपत तुम्ही कधी येऊ दिली नाहीत. या परदेशवाल्यांनी मला पहिल्याच फटक्यात बसवलं. आता फाटक उघडा. तुमची दारं लावायला उशीर होतोय मला."