एकच फोटो ठेवा

"आठ सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यातला एक हसरा फोटो काढून द्या," गिऱ्हाईक म्हणालं. "वडील आहेत अजून. पण डॉक्टरांनी हात टेकलेत, तयारीत असलेलं बरं."

माझ्या फोटोच्या सॉफ्टवेअरने व्हिडिओ उघडलाच नाही. हे रोजचंच, मोबाइलचा नवा फॉरमॅट त्याला पचत नाही. मी फाइल जुन्या फॉरमॅटमध्ये बदलली आणि व्हिडिओचे सुटे फोटो करून घेतले. दोनशे चाळीस निघाले. त्यातला एक गिऱ्हाइकाने निवडला. बाकीचे मी सवयीप्रमाणे एकेक बघून डिलीट करायला लागलो.

पहिल्याच फोटोला कुणीतरी खोकलं. दुसऱ्यालाही.

"बाबाच," तो म्हणाला. "हाच खोकला. दोन वर्षं डोळ्याला डोळा नाही आम्हाला."

फोटोला आवाज कुठून येणार? मी स्पीकरची वायर उपटली. तरी प्रत्येक डिलीटला एक खोकला येत राहिला, आधीच्यापेक्षा बारीक.

थोडेच उरले होते तेव्हा त्याचा फोन वाजला. बायकोचा आवाज मलाही ऐकू आला.

"अहो, बाबांना श्वासच घेता येत नाहीये. लगेच या."

माझं बोट आपोआप थांबलं.

त्याने फोन तळहाताने झाकला. "किती राहिले?"

"अकरा."

तो फोनमध्ये शांतपणे म्हणाला, "निघालोच."

मग खुर्ची पुढे ओढून बसला आणि माझ्या हाताखालचा माउस काढून घेतला.