बाकाखालचा भुसा

सीतारामपंतांच्या शोकसभेचे निमंत्रण मिळाले म्हणून दशरथ गोरेगावच्या स्टुडिओत शिरला, तेव्हा त्याच्या हातात निशिगंधाचा हार होता आणि समोर वर्ग होता. फळा, टेबल, खुर्ची, तीन लांब बाके. अकरा वर्षांपूर्वी ज्या वर्गाला महाराष्ट्र पोट धरून हसला, तो जसाच्या तसा पुन्हा उभारलेला. त्या चित्रपटात सीतारामपंत मास्तर झाले होते; आता मास्तरांच्या खुर्चीत त्यांची तसबीर होती. तिला आधीच एक हार घातलेला असल्यामुळे दशरथच्या हाराचे काय करावे, हे कोणालाच सुचेना.

"ठेव रे कुठेतरी," काशीराम म्हणाला. प्रसिद्धीचे काम त्याच्याकडे होते. जुन्या चित्रपटातील मुले आज काय करतात हे एका साप्ताहिकातून सांगायचे, आणि त्यांतल्या एकाचा नवा चित्रपट दिवाळीत येतो आहे हेही त्याच दमात सांगायचे, अशी त्याची योजना होती. मृत्यूचा असा विनियोग त्याच्या व्यवसायात गैर मानला जात नसे.

पहिल्या बाकावर 'मुले' बसली होती. चंद्रप्रकाश, तीन चित्रपट ओळीने पडूनही नायक. रत्नप्रभा, सत्ताविसाव्या वर्षी पडद्यावर त्याच नायकाची वहिनी होणारी. झेवियर, ट्रॉम्बेच्या कारखान्यातली नोकरी सांभाळणारा आणि आज रजा टाकून आलेला. उरला दशरथ. तो मुलुंडच्या एका शाळेत दहावीला भूमिती शिकवत असे.

"ढब्बू, तुझी जागा ती." काशीरामने दुसऱ्या बाकाकडे बोट दाखवले. "वर उभा राहा, कान धर. सिनेमात होतास तसा. एक फोटो, मग चहा."

चित्रपटात ढब्बू बाकावर उभा राहतो, बाक मोडते आणि तो किंचाळत पडतो. सर्वांत मोठा हशा त्या किंकाळीला मिळाला होता. किंकाळी खरी होती. दशरथचे उजवे मनगट त्या दिवसापासून पुरते वळत नसे. चित्रपट कंपनीने त्याच्या वडिलांना अपघात झाल्याचे कळवले आणि फळांची करंडी पाठवली. पुढे हाड जुळेपर्यंत दर रविवारी सीतारामपंत घरी येत, डाव्या हाताने लिहायला शिकवत. दशरथ शिक्षक झाला तो त्या रविवारांमुळे.

"मी वर्गावर उभा राहतो, काशीराम," तो म्हणाला. "उद्या हा फोटो माझ्याच वर्गात बाकाबाकावरून फिरेल. पुन्हा मला कोण ऐकेल?"

"तीच तर गंमत आहे ना! खाली छापतोय, बाकावर उभा राहणारा आज दुसऱ्यांना उभं करतो. झकास!"

"चढ ना यार," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याचे हसू मेकअपइतकेच ताजे होते. "सरांसाठी तरी. आणि माझ्यासाठी. ही दिवाळी गेली तर वाट लागली माझी."

दशरथने तसबिरीकडे पाहिले. मग हार टेबलावर ठेवला, चपला काढल्या आणि एक पाय बाकावर टेकला.

साप्ताहिकाच्या छायाचित्रकाराने कॅमेरा डोळ्याला लावला. त्याचा रोख मात्र दशरथच्या चेहऱ्यावर नव्हता. तो बाकाशेजारच्या रिकाम्या जमिनीवर होता.

दशरथनेही तिकडे पाहिले. स्टुडिओची फरशी नुकतीच झाडलेली होती. फक्त त्या बाकाच्या डाव्या पायाशी चिमूटभर पिवळा भुसा पडला होता. तो वाकला. बाकाचा पाय तीन चतुर्थांश कापलेला होता, फट साबणाने बुजवून वर तपकिरी रंग फासला होता. कापलेली रेघ सरळ होती, अगदी काटकोनात. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. अपघाताला अशी कड नसते.

पहिल्या बाकावर झेवियर बुटांकडे पाहत होता.

दशरथने पाय खाली घेतला. तो फळ्यापाशी गेला, न वळणाऱ्या मनगटाने त्याने खडू उचलला आणि वर्गाकडे तोंड केले.

"ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी हात वर करा."

"अरे, मस्करी रे," काशीराम पुढे आला. "खाली गादी टाकणारच होतो आम्ही—"

"बस."

आवाज चढलेला नव्हता. काशीराम तिसऱ्या बाकावर बसला, आणि आपण का बसलो हे त्याला कळले नाही.

"दशरथ, तमाशा नको," चंद्रप्रकाश हळूच म्हणाला. "साप्ताहिकवाले बघतायत."

दशरथ थांबला. चाळीस मुलांपुढे थांबण्याची त्याला सवय होती.

शेवटी रत्नप्रभेचा हात कानाच्या पाळीपर्यंत वर आला.

"कधीचं विचारतोयस?" ती म्हणाली. "आजचं, की तेव्हाचं?"

दशरथने खडू खाली ठेवला. तेव्हाचेही कोणाला आधीच ठाऊक असू शकते, हे त्याच्या घरात अकरा वर्षे कोणाला सुचले नव्हते.

"तेव्हाचं."

झेवियरचा हात वर गेला. मग, कोणाकडेही न पाहता, चंद्रप्रकाशचा.

"तुला सांगितलं असतं तर तू तसा ओरडला नसतास," झेवियर पुटपुटला. "असं आम्हाला सांगितलं होतं."

"कोणी?"

दोघांचे हात तसेच वर राहिले. रत्नप्रभेने आपला खाली घेतला, पण पुरता नाही. वाटेतच तिचे बोट मास्तरांच्या खुर्चीतल्या तसबिरीकडे वळले आणि तिथेच थांबले.