चांदीवरचा अंगठा

नवे पैसे सुरू झाले त्या साली हिंगणघाटच्या मोतीलाल सराफाला खरी चांदी नुसत्या आवाजावरून कळे. माणसांच्या बाबतीत मात्र तो अंदाज करत नसे.

भागीरथेनं राणीछाप रुपया पुढं ठेवला. त्यावर काळपट अंगठा उमटला होता, मधोमध विळ्याच्या जुन्या जखमेची रेघ.

"आमच्या मालकाचा अंगठा हाये. हैदराबादले गेले, तीन वर्सं झाले, खबर नाई. चिंचेनं घासलं तरी परत येते. कुकू ठेवू का पुसू, सांगा."

"बाई, ही चांदी हाये, पोस्टकार्ड नाई," म्हणत मोतीलालनं रुपया घासून लख्ख केला आणि भिंग धरलं.

ठसा हळूहळू परत उमटला.

भागीरथा रुपयावर वाकून ठशाला म्हणाली, "आयकता का?"

काचेला पलीकडून बोट दाबावं, तसा ठसा रुंद झाला.