एका घावात दोन भकलं

मोटार सुरू करायच्या लोखंडी हँडलचा पहिला तडाखा येडूच्या उजव्या कोपरावर बसला. दुसराही तिथंच. वीरभद्रप्पांचा नेम पक्का. घाण्याचा बैल असो की मोटार हाकणारा येडू, एकदा जागा धरली की सोडायची नाही.

"पाणी कुटं जातंय बे? तू पिलालास का?"

"गळलालंय, अप्पा," येडू म्हणाला आणि ओठ चावून आलेलं रक्त त्यानं आदबीनं लांब थुंकलं. मडगार्डवर उडालं असतं तर तेही त्यालाच पुसावं लागलं असतं.

मोटार होतीच तशी तहानलेली. सोलापुरातून अक्कलकोटाकडे निघाली की वळसंगच्या बायका भोंगा ऐकून आडावरचा पोहरा लपवत, असं म्हणतात. म्हणणारे खोटं कशाला बोलतील? काल तर वाटेतूनच वाफा सोडत परतली होती. पुढच्या पितळी टाकीतलं पाणी कुठून तरी झिरपायचं. थेंब बुडाशी येऊन लोंबायचा, पण कुठून आला ते सांगायचा नाही.

मंगळवार पेठेतली माणसं ओट्यांवर जमली होती. आज अमावस्या, अप्पांच्या घरी शुभ मानलेली, आणि दुपारच्या आत अप्पांना अक्कलकोटला पोरीची सोयरीक पक्की करायला पोचायचं होतं. त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि शेवटच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला.

"ज्यानं टाकी फोडली त्याचा उजवा हात ह्याच हँडलनं मोडतो. लिंगाची शपथ हाय! कुनीबी असू दे!"

सगळी पेठ येडूच्या उजव्या हाताकडे बघायला लागली. येडूनंही एकदा बघून घेतलं. कोपर तांब्याएवढं सुजलं होतं. म्हणजे आतापर्यंतचा मार ही नुसती भवानी होती.

"टाकीच्या बुडाला दगुड लागला आसंल," एकानं ओट्यावरून सुचवलं.

दगड लागला म्हणजे हाकणाऱ्याचा दोष. येडूनं घाम पुसला आणि दारात उभ्या असलेल्या अप्पांच्या बायकोला हाक मारली.

"नीलम्माव्वा, घरातली विभूती द्या की थोडी."

"अंगारा लावून मोटार बरी हुती व्हय रे?" अप्पा गुरकावले. पण देवाच्या भस्माला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

नीलम्मानं विभूतीची वडी आणून दिली. येडूनं डाव्या हातानं टाकी कोरडी पुसली, वडी कुस्करून वरपासून खालपर्यंत फासली आणि काठोकाठ पाणी भरलं. मोटार अशी पांढरीफटक दिसायला लागली की मठातला एखादा म्हातारा स्वामी तिच्या पाया पडला असता. आता जिथं भस्म ओलं होईल तिथं गळती. बुडाशी ओलं झालं तर येडूचा हात गेला.

बुड पांढरंच राहिलं.

ओल उमटली ती वर, पार टाळक्याशी, झाकणाच्या खाली. केसाएवढी काळी रेघ. तिच्याभोवती पितळ वाटीसारखं दबलेलं. येडूनं चिरेत नख घातलं आणि एक तूस बाहेर ओढलं. नारळाचा काथ्या.

लोक नारळ जमिनीवर फोडतात, चाकासमोर फोडतात. वीरभद्रप्पा दर अमावस्येला मोटारीच्या टाळक्यावर फोडायचे. एका घावात दोन भकलं! दुसरा घाव म्हणून कधी लागला नाही. बघायला पेठ जमायची आणि आवाज झाला की हात जोडायची.

पेठेची नजर काथ्यावरून अप्पांच्या उजव्या हातावर गेली. नीलम्माच हळू आवाजात म्हणाली, "आन लिंगाची हाय, वो. आता काय करताव?"

अप्पांची चपराक अशी बसली की ती मडगार्डवर जाऊन आदळली. काकणं फुटून मातीत पडली. पेठेतली माणसं आपापल्या पायांचे अंगठे बघायला लागली.

"बोळा कोंब रे त्यात," अप्पा येडूवर खेकसले. "तोंड काय बघतूस?"

येडूनं साबण मळून चिंधीला लावला आणि चीर बुजवली. मग हँडल उचलायला वाकला, तर उजवा हात वर येईना.

"तुजा हात कामाचा न्हाय आता. बस वर. मी मारतो हँडल."

अप्पांनी मोटार सुरू होताना आजवर मागच्या गादीवरूनच पाहिली होती. त्यांनी बाह्या सारल्या, हँडल मोटारीच्या तोंडात घातलं आणि नारळ धरावा तसं उजव्या मुठीत आवळलं.

येडू मोटार वळवायच्या चाकामागं बसला. चाकाखाली डाव्या अंगाला एक बारीक दांडी होती. हँडल मारायच्या आधी ती वर लोटायची, की हँडल गरीब गाईसारखं फिरतं. खाली राहिली तर खोंडासारखं उलटं उसळतं. एकदा विसरला होता, तर येडूचा अंगठा महिनाभर भोपळा होऊन बसला होता. तेव्हापासून रोज आधी दांडी, मग देवाचं नाव.

काल धावून आलेल्या मोटारीची दांडी पळताना ओढली तशी खालीच होती. येडूनं तिच्यावर डावा हात ठेवला.

समोर नीलम्मा मातीतून काकणांचे तुकडे वेचून पदरात टाकत होती.

"झालं का रे सगळं?" अप्पा ओरडले.

येडूनं दांडीवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"व्हय, अप्पा. मारा. एका घावात."

हँडल उलटं उसळलं आणि कट्ट असा आवाज झाला. ओट्यांवरची माणसं अजून अंगठ्यांकडेच बघत होती. आवाज ऐकताच त्यांनी मान वर न करताच, सवयीनं, हात जोडले.