गुणी मॉड्यूल

आभानं संगणकावरचं सिम्युलेशन पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. स्क्रीनवर बुडणाऱ्या बोटीचं ठिकाण उमटलं: अक्षांश शून्य, रेखांश शून्य.

"हे कुठं आलं?" मागे उभ्या सत्यजीतनं विचारलं. पनवेलच्या त्या छोट्या कंपनीचा तो मालक.

"आफ्रिकेजवळ. भर समुद्रात."

मच्छीमारांसाठी त्यांनी एक डबा बनवला होता. संकटात लाल बटण दाबायचं, की बोट कुठे आहे ते किनाऱ्यावर कळणार. डब्यातल्या चिपचा बहुतेक कोड आभाचा. उपग्रहाकडून ठिकाण घेणारं मॉड्यूल मात्र दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलेलं आणि कुलूपबंद. आत डोकावायची सोय नाही. सिम्युलेशनसाठी त्याचं मॉडेल, म्हणजे संगणकावरची हुबेहूब नक्कल, देतो देतो म्हणत त्या कंपनीनं ताटकळत ठेवलं. काम अडू नये म्हणून आभानं त्या जागी स्वतःच एक नकली मॉड्यूल लिहून टाकलं. ते फार गुणी निघालं. विचारायचा अवकाश, की ठिकाण हजर. खरं मॉडेल आज सकाळी आलं. ते आधी काही वेळ उपग्रह शोधत बसतं, तोवर नुसती शून्यं देतं, आणि अजून सापडलं नाही असा इशाराही देतं. तो इशारा आभाच्या कोडनं कधी पाहिलाच नव्हता.

"पण आपल्या सगळ्या टेस्ट पास होत्या," सत्यजीत म्हणाला.

"पास होणारच, सर. प्रश्न माझा आणि उत्तरही माझंच."

पहिला डबा कालच चाचणीसाठी एका बोटीवर बसवला होता. बोट करंजा बंदरातली, आभाच्या वडिलांची. आज भरतीबरोबर ती निघणार होती. तिनं फोन लावला.

"बाबा, निघाले का तुमी?"

"दोर सोडतोच हाय," काशीराम म्हणाले.

"त्या डब्यावर भरवसा ठेवू नका. चूक हाय त्यात. माजी चूक."

पलीकडे इंजिनाची धडधड बंद झाली.

"माजं काय गं बाय, मी डब्याबिगर जनम काढला," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पन आज बाळू आलाय. त्याचा भाऊ बुडाला तवापासून कोमल नवऱ्याला दर्यावर पाठवत नव्हती. डबा बघून येऊ दिलं तिनं. त्याला मी काय सांगू?"

"त्याच्याकडं द्या फोन," ती म्हणाली.

बाळू भलताच खुशीत होता. "ताई! आता डबा चालू केला नि लगेच बटन पन दाबलं, कोमलला दाखवायला. ती हितंच धक्क्यावर उभी हाय. पोचला ना आमचा ठिकाना?"

चाचणीचे संदेश आभाच्याच स्क्रीनवर येत असत. करंज्याहून आलेला संदेश समोर होता. त्यातही दोन्हीकडे शून्य.

"ताई, कोमल इचारते, दिसतो का मी?"

आभाला रडू आवरेना. सत्यजीतनं खुर्ची पुढं केली, पण ती बसली नाही.

"नाय रे बाळू," ती म्हणाली. "दिसत नायस तू. उतर खाली."